कोणती माहिती कोणत्या कप्प्यात?

समजा, एका विद्यार्थिनीला शिष्यवृत्तीचा अर्ज हवा आहे. ती एका सरकारी वेबसाइटवर 'योजना' उघडते, मग 'विद्यार्थी', मग 'सूचना'. अर्ज असतो 'कक्ष ३' या नावाखाली. मुदत संपते. असे का होते? साइट तयार करणारे बहुधा कार्यालयाच्या रचनेप्रमाणे कप्पे पाडतात. शोधणाऱ्याला कुठला कक्ष ठाऊक असणार?

शब्दांचा घोळ आणखी वेगळा. एकाच गोष्टीला दोन माणसे आपणहून तेच नाव देण्याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी असते, असे जॉर्ज फर्नास आणि सहकाऱ्यांना १९८७ मध्ये आढळले. म्हणजे आपल्याला सुचलेले नाव कितीही सोपे वाटो, बहुतेकांच्या मनात दुसरेच असते!

मग लोकांनाच विचारूया. पण 'मेनू कसा हवा?' असे विचारून फारसे हाती लागत नाही. त्याऐवजी साइटवरच्या ३०-४० बाबी एकेका चिठ्ठीवर लिहायच्या आणि सांगायचे, 'तुम्हाला पटतील तसे गट करा, गटांना नावे द्या.' याला कार्ड सॉर्टिंग म्हणतात. दहा चिठ्ठ्यांवर 'अर्ज' हा शब्द असेल, तर लोक अर्थ न पाहता त्या दहांचा गठ्ठा करतात. तेव्हा शब्द बदलते ठेवावेत. आणि आपण गप्प बसावे. 'हे कुठे टाकू बरं?' हे पुटपुटणे आमच्या मते गठ्ठ्यांइतकेच मोलाचे असते.

किती जण हवेत? टलिस आणि वुड यांनी २००४ मध्ये १६८ जणांकडून अशी मांडणी करून घेतली. त्यांतल्या कोणत्याही १५ जणांची मांडणी सर्वांच्या मांडणीशी ताडली, तर सहसंबंध सरासरी ०.९० भरत होता. मात्र हे १५ जण साइट खरोखर वापरणारे हवेत. पालक आणि शिक्षक वेगळा विचार करत असतील, तर दोघांचे गट वेगळे घ्यावे लागतील.

यातून आराखडा तयार होतो. तो टिकतो का, हे उलट बाजूने तपासायचे, तेही नव्या माणसांकडून. कागदावर फक्त कप्प्यांची नावे दाखवायची आणि काम द्यायचे: 'फीसाठी मदत मिळते का, ते शोधा.' 'शिष्यवृत्ती शोधा' म्हटले, तर उत्तरच सांगितल्यासारखे होईल. पहिले बोट कुठे पडले, माणूस कुठून मागे फिरला, हे टिपून ठेवायचे. बरेच जण एकाच चुकीच्या कप्प्यात जात असतील, तर अर्जाची वाट तिथूनही ठेवावी.