पहिला कॅमेरा कोणता घ्यावा?

गेल्या दिवाळीच्या सुटीनंतर आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील त्यास घेऊन आम्हांकडे आले. मुलास छायाचित्रकलेचा छंद, आपल्यापाशीं डी.एस.एल.आर. कॅमेरा असावा ही त्याची दोन वर्षांची इच्छा. वडिलांनीं त्यासाठीं ४० हजार रुपये मोठ्या काटकसरीनें बाजूस ठेविले होते. परंतु दुकानांत १८ मेगापिक्सेल, २४ मेगापिक्सेल असे आंकडे ऐकून दोघेही गोंधळले, आणि आणखी २० हजार हप्त्यांनीं फेडण्याच्या बोलीवर वरच्या प्रतीचें यंत्र घ्यावें कीं काय, हा प्रश्न त्यांनीं आम्हांपुढें ठेविला. आम्हीं मुलास एवढेंच विचारिलें, "चित्रें कोणाचीं घेणार?" तो म्हणाला, "सर, आजीचीं." आजीबाई ऐंशीच्या पुढच्या, पायांनीं अधू झाल्यामुळें दिवसभर खिडकीशीं बसून असतात. ह्या उत्तरानें आमचें काम पुष्कळ सोपें झालें. असा प्रश्न इतर घरींही पडत असेल, म्हणून त्या दिवशींचें बोलणें येथें देत आहों.

प्रथम हें यंत्र काय आहे तें पाहूं. भिंगांतून, म्हणजे लेन्समधून, आलेला प्रकाश ४५ अंशांत तिरक्या बसविलेल्या आरशावर पडून वर जातो आणि तेथून आपल्या डोळ्यापर्यंत पोहोंचतो. कळ दाबली कीं आरसा खट्‌दिशी वर उचलला जातो, मागचा पडदा उघडतो आणि तोच प्रकाश सेन्सरवर पडून चित्र उमटतें. साध्या प्रतीच्या डी.एस.एल.आर.मध्येंही हा सेन्सर सुमारें २३ मिलिमीटर लांब व १५ मिलिमीटर रुंद असतो. मोबाईलमधील सेन्सर ह्याहून पुष्कळच लहान.

आतां मेगापिक्सेलांविषयीं. २४ मेगापिक्सेल म्हणजे आडवे ६००० व उभे ४००० ठिपके. इंचास ३०० ठिपके ह्या उत्तम छपाईच्या मानानें त्याचें चित्र २० इंच लांब व १३ इंच रुंद निघेल. एवढें मोठें चित्र आपल्यापैकीं किती जण भिंतीवर लावितात? केवळ ६ मेगापिक्सेलांत १० इंच लांबीचें सुरेख चित्र निघतें. तेव्हां ह्या आंकड्यासाठीं कर्ज काढणें आम्हांस शुद्ध वेडेपणा वाटतो.

खरा विचार करावयाचा तो भिंगाचा. कॅमेऱ्याबरोबर बहुधा १८ ते ५५ मिलिमीटरचें भिंग मिळतें. दूरचें जवळ आणण्याच्या टोकास त्याचें छिद्र ५.६ ह्या आंकड्याहून अधिक उघडत नाहीं. (येथें आंकडा जितका लहान तितकें छिद्र मोठें, हें ध्यानांत ठेवावें.) उलट ५० मिलिमीटरचें साधें, न सरकणारें भिंग १.८ पर्यंत उघडतें, आणि तें नव्या भिंगांत स्वस्तांपैकीं एक आहे. ५.६ च्या मानानें त्यांतून सुमारें दहा पट प्रकाश आंत येतो. संध्याकाळीं खिडकीच्या उजेडांत पहिल्या भिंगास सेकंदाचा दहावा भाग लागत असेल, तर दुसऱ्यास शंभरावा पुरतो. आपला हात हालला तर त्यावर कांहीं भिंगांत तोड असते; परंतु म्हाताऱ्या माणसाची मान हालली तर तिला कोणतें यंत्र थांबविणार? तेथें प्रकाशच पाहिजे. एक अडचण मात्र सांगून ठेवितों: लहान सेन्सरवर ह्या भिंगाचा आवांका आंखूड होतो. दहा फुटी खोलींत चेहरा व खांदे एवढेंच मावेल; घरचीं सारीं मंडळी मावावयाचीं नाहींत. त्यासाठीं १८-५५ चें भिंगही जवळ असावें.

येथें आमची स्वतःची फजिती सांगावयास हरकत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं असेंच एक ५० मिलिमीटरचें जुनें भिंग स्वस्त मिळालें म्हणून आनंदानें आणिलें. घरीं येऊन बसवितों, तों चित्र आपोआप स्पष्ट होईना! निकॉनच्या साध्या प्रतींत, म्हणजे ३००० व ५००० ह्या मालिकांत, भिंग फिरविणारी मोटर कॅमेऱ्यांत नसते; ती भिंगांत असावी लागते. ए.एफ.-एस. हीं अक्षरें पाहून भिंग घेतलें असतें तर आमचे पैसे वांचले असते. कॅननच्या ई.एफ. भिंगांत मोटर असतेच.

जुना कॅमेरा घ्यावा काय? आमचें मत, अवश्य घ्यावा. कॅनन व निकॉन ह्या दोन्ही कंपन्या आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस, कॅमेऱ्यांकडे वळल्या असून २०२० नंतर त्यांनीं नवा डी.एस.एल.आर. काढिलेला नाहीं. हौशी लोक आपलीं जुनीं यंत्रें विकीत आहेत, आणि नवशिक्यास तीं पुष्कळ वर्षें पुरतील. मात्र घेण्यापूर्वीं पडदा किती वेळां उघडला तें विचारावें. साध्या प्रतीचा पडदा सुमारें एक लाख वेळांच्या हिशेबानें केलेला असतो. भिंगाचें छिद्र पूर्ण उघडून मागून विजेरीचा झोत टाकावा. आंत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले तर ती बुरशी होय. तें भिंग तेथेंच ठेवून यावें. मुंबई व कोंकणच्या पावसाळ्यांत ही बुरशी फार लवकर धरते. कातडी पिशवी ओल धरून ठेविते, म्हणून कॅमेरा घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा.

बापलेक पुढल्या शनिवारीं फोर्टांतील बोरा बाजारांत गेले. एक जुना कॅमेरा, १८-५५ चें भिंग व नवें ५० मिलिमीटरचें भिंग मिळून ४० हजारांच्या आंत बसलें. हप्ता काढावा लागला नाहीं.

पहिल्या दिवशींच्या चित्रांत आजीबाईंचें नाक स्पष्ट आणि डोळे धुरकट, असा प्रकार फार झाला. छिद्र पूर्ण उघडें असतां दीड मीटरवर जेमतेम अडीच इंच खोलीच स्पष्ट येते. मुलानें छिद्र २.८ वर आणिलें, नेम जवळच्या डोळ्यावर धरिला, आणि चित्रें सुधारलीं. आजीबाई मात्र कॅमेरा दिसतांच पदर सांवरून ताठ बसतात. त्यास उपाय काय, असें तो परवां आम्हांस विचारीत होता.