दहा मिलिवॅटचा पोपट

हातातल्या सेटचं बटण दाबून मी म्हणालो, "एक, दोन, तीन, चाचणी." बटण सोडलं. दोन-तीन सेकंद शांतता. मग त्याच सेटमधून माझाच आवाज बाहेर आला. जरा नाकात बोलल्यासारखा, पण शब्द न् शब्द स्पष्ट: "एक, दोन, तीन, चाचणी." हॅम मंडळींच्या एका जागतिक जाळ्यावर ९९९० या क्रमांकाला साद घातली की दूरचा सर्व्हर तुमचं बोलणं साठवून तसंच परत पाठवतो. या सोयीचं तिथलं नाव आहे 'पॅरट'. मराठीत मात्र पोपट बोलतोही आणि होतोही. आधीचे तीन दिवस माझा दुसऱ्या प्रकारचाच पोपट होत होता.

आई शेजारी भाजी निवडत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण बोलायचंय कुणाशी तुला?"

"कुणाशीही. जपान, केरळ, जो भेटेल तो."

"अरे, मग सरळ फोनच लाव की त्याला."

या प्रश्नाला चटपटीत उत्तर नाही. पण प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

हॅम रेडिओ म्हणजे हौशी लोकांचं परवानाधारक रेडिओ प्रक्षेपण. आपल्याकडे केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयाची वायरलेस नियोजन शाखा परीक्षा घेते आणि परवाना देते. बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही परीक्षेला बसता येतं. रिस्ट्रिक्टेड श्रेणीसाठी मोर्सची कटकटही नाही. पास झालात की कॉल साइन मिळते: जनरल श्रेणीला व्हीयू-टूने सुरू होणारी, रिस्ट्रिक्टेडला व्हीयू-थ्रीने. राजीव गांधींची व्हीयू-टू-आर-जी होती.

परवाना मिळाला, सेट आला, पुढे काय? हातातल्या सेटच्या लहरी सरळ रेषेत जातात, पृथ्वीच्या वळणाआड फारशा वाकत नाहीत. हॅम लोकांचा एक ठोकताळा आहे: अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा, त्याला ४.१२ ने गुणा, रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. जमिनीवर उभ्या माणसाच्या हातातला सेट दीड मीटरवर असतो, म्हणजे क्षितिज पाच किलोमीटर. समोरचाही तसाच उभा असेल तर दहा, तेही मधे काही नसताना. नाशिकमध्ये मधे इमारती आहेत, आणि त्र्यंबकच्या दिशेला अंजनेरी आणि ब्रह्मगिरी पाठ करून बसलेले आहेत. तोच सेट घेऊन कळसूबाईवर जा, समुद्रसपाटीच्या हिशेबाने १६४६ मीटर. क्षितिज १६७ किलोमीटरवर सरकतं. पण रोज संध्याकाळी कळसूबाई कोण चढणार? गच्चीवर उंच अँटेना लावावी म्हटलं, तर आमच्या सोसायटीच्या सभेत ठराव असा काही फेटाळला गेला की मी मोबाइल टॉवरच उभारतोय की काय. तेव्हा राहिला हॉटस्पॉट.

नाव ऐकून मोबाइलचा हॉटस्पॉट आठवेल, पण हा वेगळा. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी अशी दोन पट्ट्यांची चवड असते. खालची पट्टी म्हणजे रास्पबेरी पाय हा छोटा संगणक. त्यावर बसवलेली दुसरी पट्टी म्हणजे रेडिओ. तिच्यावरच्या एका चिपमध्येच प्रेषक आणि ग्राहक दोन्ही असतात, आणि शक्ती असते साधारण दहा मिलिवॅट. घरातला वायफाय राउटरही याहून जोरात बोलतो. हॉटस्पॉटचा आवाका घरापुरता, फार तर जिन्यापर्यंत.

आपल्याकडे गोदाघाटावर दुतोंड्या मारुती आहे. एक तोंड पुढे, एक मागे. हॉटस्पॉट हा अगदी तसाच. त्याचं एक तोंड माझ्या हातातल्या सेटकडे असतं, दुसरं इंटरनेटकडे. सेटमधून आलेल्या लहरींचे बिट तो उलगडतो, त्यांची पाकिटं करतो आणि वायफायवरून सर्व्हरकडे रवाना करतो. तिकडून आलेली पाकिटं फोडून पुन्हा लहरी करतो. आत काय बोललंय हे त्याला कळत नाही. आवाज उलगडायची विद्याच त्याच्याकडे नाही, ती दोन्ही टोकांच्या सेटमध्ये असते. पाकिटावरचा पत्ता वाचणारा, पत्र न वाचणारा पोस्टमन.

मला या सगळ्यात सर्वांत भावलेली गोष्ट म्हणजे पत्रातला मजकूर. साध्या दूरध्वनीच्या डिजिटल आवाजाला सेकंदाला ६४ हजार बिट लागतात. माझा सेट ज्या डीएमआर या डिजिटल पद्धतीने बोलतो, तीत आवाजाच्या वाट्याला येतात फक्त २४५०. सव्वीसपट काटकसर! हे जमतं कारण सेट आवाज पाठवतच नाही, आवाजाचं वर्णन पाठवतो. दर वीस मिलिसेकंदांना तो बोलणाऱ्याच्या गळ्याची चौकशी करतो: स्वरतंतू किती वेगाने कंप पावताहेत, आवाजाच्या कोणत्या पट्ट्यात नाद आहे आणि कोणत्यात नुसता फुसकारा, तोंडाच्या पोकळीचा आकार साधारण कसा. या सगळ्याची उत्तरं ४९ बिटांत मावतात. पलीकडचा सेट त्या वर्णनावरून नवा आवाज घडवतो. म्हणजे आईने ऐकला तो माझा आवाज नव्हता. माझ्या आवाजाचं वर्णन वाचून एका चिपने केलेली नक्कल होती. पोपट हे नाव खरं तर याला शोभावं.

ही युक्ती जुनी आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत होमर डडली यांनी व्होकोडर नावाचं असं यंत्र बनवलं. १९४३मध्ये त्याच तत्त्वावर वॉशिंग्टन आणि लंडन यांच्यात गुप्त संभाषणाची यंत्रणा सुरू झाली. तिच्या एका टोकाच्या यंत्राचं वजन होतं सुमारे ५५ टन. आज तेच काम नखाएवढी चिप करते.

वर्णन करणाऱ्याला माणसाचा गळा ठाऊक आहे, पण प्रेशर कुकर ठाऊक नाही. मी बोलत असताना मागे शिट्टी झाली तर चिप बिचारी तिलाही गळ्याच्याच भाषेत मांडू पाहते. पलीकडे कुणी तरी कण्हत असल्यासारखं काही ऐकू जातं. एका गृहस्थाने मला काळजीने विचारलं होतं, घरी सगळं ठीक आहे ना? शिवाय ४००० हर्ट्झच्या वरचा आवाज पद्धतीतच कापला जातो, आणि आपल्या 'स'चा बराचसा सरसराट त्या वरच्या मजल्यावर राहतो. 'श'चं घर जरा खाली, म्हणून तो वाचतो. 'सातपूर' की 'शातपूर' असा घोळ झाला की अक्षरं फोडून सांगावी लागतात.

आता ४९ बिटांपैकी एखादा वाटेत बिघडला तर? त्यासाठी जोडीला २३ बिट संरक्षणाचे असतात, एकूण ७२. गंमत अशी, की संरक्षण सरसकट वाटलेलं नाही. सर्वांत मोलाच्या १२ बिटांचे गोले कोडने २४ केले जातात, पुढच्या १२चे २३, आणि उरलेल्या २५ बिटांना काहीच नाही. त्यांतला एखादा चुकला तर कानाला फारसं कळत नाही. गोले कोड असलेल्या अशा गटात कुठलेही तीन बिट उलटे झाले तरी मूळ मजकूर परत मिळतो. मार्सेल गोले यांनी हा कोड १९४९मध्ये मांडला. व्हॉयेजर यानांनी गुरू आणि शनीची रंगीत छायाचित्रं पृथ्वीवर पाठवली तीही याच कोडच्या भरवशावर. शनीची कडी ज्या गणिताने सुखरूप आली, त्याच गणिताने माझं 'नमस्कार' दिवाणखान्यातून कपाटातल्या हॉटस्पॉटपर्यंत जातं.

आणि तरीही माझे तीन दिवस वाया गेले. मांडणी तशी सोपी आहे. पाय-स्टार नावाची मोफत प्रणाली मेमरी कार्डावर उतरवायची, घरचा वायफाय सांगायचा, ब्राउझरमध्ये पान उघडून कॉल साइन आणि सात आकडी डीएमआर क्रमांक भरायचा. भारतीयांचा तो ४०४ने सुरू होतो. मोबाइल जगातही तो भारताच्या संकेतांकांपैकी एक. कलर कोड, टाइम स्लॉट, टॉकग्रुप या डीएमआरच्या खुणा सेटवर आणि हॉटस्पॉटवर जुळवायच्या. खरा सापळा वारंवारतेत आहे. परदेशी माहितीपत्रकं डोळे झाकून ४३१ किंवा ४३३ मेगाहर्ट्झ भरायला सांगतात. भारतात हौशी रेडिओला या भागात मिळालेला पट्टा ४३४ ते ४३८ आहे. ४३३ ते ४३४ हा गाडीच्या रिमोट चाव्यांसारख्या छोट्या उपकरणांचा प्रांत. आपल्या पट्ट्यातही ४३५ ते ४३८ हा भाग जगभर हौशी उपग्रहांसाठी राखलेला. उपग्रहाचा क्षीण आवाज ऐकायला कुणी तरी कान लावून बसलेलं असतं, तिथे आपली टकळी लावणं हा असभ्यपणाच. म्हणजे नाशिकच्या हॉटस्पॉटने राहायचं ते ४३४ आणि ४३५च्या मधल्या गल्लीत. हे मला दुसऱ्या दिवशी उमगलं.

तिसऱ्या दिवसाचा गुन्हेगार होता स्फटिक. हॉटस्पॉटची वारंवारता एका क्वार्ट्झच्या तुकड्यावर ठरते. डीएमआरमध्ये लहरीची वारंवारता मध्यापासून वर-खाली चार पायऱ्यांवर सरकते: ६४८ हर्ट्झ आणि १९४४ हर्ट्झ, दोन्ही बाजूंना. प्रत्येक पायरी म्हणजे दोन बिट, आणि सेकंदाला अशा ४८०० उड्या. शेजारच्या दोन पायऱ्यांतलं अंतर १२९६ हर्ट्झ. आता स्फटिक दहा लाखांत एक भाग चुकला, तर ४३४ मेगाहर्ट्झवर ती चूक होते ४३४ हर्ट्झ. दीड भाग चुकला की आपण दोन पायऱ्यांच्या बरोबर मध्ये, आणि कुठल्या पायरीवर उभे आहोत हे यंत्राला कळेनासं होतं. निफाडला थंडीत पारा कोसळला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, आणि मे महिन्यात तोच पारा चाळिशीत. एवढ्या फरकाने साधा स्फटिक सहज घसरेल, म्हणून हॉटस्पॉटवर तापमानाची भरपाई करणारा स्फटिक असतो. तरी प्रत्येक तुकड्याचा जन्मजात थोडा तिरपेपणा उरतोच. तो मोजून 'ऑफसेट'च्या रकान्यात भरावा लागतो: शंभर-शंभर हर्ट्झ पुढे-मागे सरकायचं आणि चुकलेल्या बिटांची टक्केवारी कुठे तळाला जाते ते बघायचं. माझी तळाला गेली, आणि पोपट बोलला. आणखी एक: सेट कमीत कमी शक्तीवर ठेवा आणि चार हात लांब बसा. पाच वॅटचा सेट हॉटस्पॉटला खेटून वापरणं म्हणजे कानात ओरडणं.

सेटमध्ये संभाषण कुलूपबंद करायचा पर्याय असतो, तो बंदच ठेवायचा; हौशी रेडिओवर गुप्त भाषा चालत नाही. परवान्याच्या अटी नीट वाचूनच जोडणी करायची. आणि बोलताना दोन वाक्यांत सेकंदभर थांबायचं. पाकिटं वळसे घेत येतात, मधे शिरू पाहणाऱ्याला फट हवी.

जुने हॅम मात्र नाक मुरडतात. हा कसला रेडिओ, म्हणतात, चार हात हवेतून आणि चार हजार किलोमीटर तारेतून! मला त्यांचं पटतं. १९४२च्या चळवळीत उषा मेहता आणि सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, तो ४२.३४ मीटरवर. हिशेब केला तर ही वारंवारता ७.०८ मेगाहर्ट्झ येते, म्हणजे आजच्या हौशी पट्ट्याच्या पोटातच. त्या लहरी आयनांबरावरून परावर्तित होऊन लांब जातात, मधे कुणाची तार लागत नाही. त्यावरून झालेल्या खटल्यात शिकागो रेडिओ या कंपनीचे नानिक मोटवानेही आरोपी होते, ते सुटले. याच मोटवाने नावाचा कारखाना आज आपल्या नाशिक-पुणे रस्त्यावर आहे. मी त्या रस्त्यावरून जाताना दर वेळी मनात अँटेनाची वीस मीटर तार ताणतो, आणि सोसायटीची सभा आठवून गुंडाळतो.

गोदेला पूर आला की नाशिककर विचारतात, पाणी दुतोंड्याच्या कुठपर्यंत? गुडघ्याला, छातीला, डोक्यावरून? माझ्या दुतोंड्याची गत याहून वाईट. नुसती वीज गेली तरी त्याची दोन्ही तोंडं मिटतात. २०२७च्या सिंहस्थात लाखोंच्या गर्दीने फोनची जाळी गुदमरली, तर कामाला येतील ते सेट-टू-सेट बोलणारे, हॉटस्पॉटवाले नव्हेत. आईचा फोनचा सल्लाही तेव्हा कामाचा नाही.

परवा पावसात वीज गेली. राउटर विझला, हॉटस्पॉटचा दिवा विझला, एका वाक्याच्या मध्यावर केरळ गायब झाला. मी सेट १४५ मेगाहर्ट्झच्या साध्या एफएमवर वळवला, गॅलरीत जाऊन साद घातली. खरखरीतून एक आवाज आला, सातपूरहून. अर्धे शब्द पावसात वाहून गेले. त्याच्याकडे मागे कुकरची शिट्टी झाली. ती अगदी कुकरच्या शिट्टीसारखी ऐकू आली.