विद्युत् उपकरणांचा परदेशांतील वापर
एका देशातील विद्युत् पुरवठ्यासाठी बनविलेले उपकरण दुसऱ्या देशात वापरताना विद्युत् दाब, कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांची संख्या) आणि भिंतीवरील खोबणीची रचना या तीन बाबी जुळाव्या लागतात. खोबणीतील भेद डोळ्यांना दिसतो. दाब व कंप्रता यांतील भेद मात्र उपकरण बिघडल्यावरच पुष्कळदा लक्षात येतो.

दाब : भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्‌झ, तर अमेरिकेत १२० व्होल्ट व ६० हर्ट्‌झ असतो. जपानमध्ये दाब १०० व्होल्ट असून कंप्रता पूर्व भागात ५० व पश्चिम भागात ६० हर्ट्‌झ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकिओने जर्मन व ओसाकाने अमेरिकन जनित्रे घेतली, त्याचा हा परिणाम होय. तापक उपकरणाची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे भारतातील १,००० वॉटची इस्त्री अमेरिकेत सु. २७० वॉटच शक्ती घेते व पुरेशी तापत नाही. उलट तेथील इस्त्री येथे जोडल्यास ती सु. पावणेचारपट शक्ती घेऊन जळून जाते.

कंप्रता : रोहित्राने दाब बदलतो, कंप्रता बदलत नाही. प्रवर्तन चलित्राची गती कंप्रतेवर अवलंबून असते. सोलापूरच्या यंत्रमागासारख्या यंत्राला ६० हर्ट्‌झचे चलित्र जोडून ते ५० हर्ट्‌झवर चालविल्यास त्याची गती सु. एक षष्ठांशाने घटते; शिवाय दाब त्या प्रमाणात कमी न केल्यास चलित्र अधिक तापते.

कंप्रतेचे महत्त्व देशांतर्गत पुरवठ्यातही दिसते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी ७६५ किलोव्होल्टची सोलापूर–रायचूर वाहिनी सुरू होऊन दक्षिण भारताचे विद्युत् जाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी एकगतीने जोडले गेले. तत्पूर्वी दोन्हींची ठरीव कंप्रता ५० हर्ट्‌झच असली, तरी प्रत्यक्ष आवर्तने एकमेकांशी जुळलेली नसत. म्हणून भद्रावती (जि. चंद्रपूर) यांसारख्या केंद्रांत प्रत्यावर्ती प्रवाह एकदिश करून पुन्हा प्रत्यावर्ती केला जाई व मग पलीकडे दिला जाई.

भ्रमणध्वनी व लॅपटॉप यांचे चार्जरही येणारा प्रवाह प्रथम एकदिश करतात. त्यामुळे मूळ कंप्रतेला फारसे महत्त्व उरत नाही. ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्‌झ’ असा निर्देश असलेल्या चार्जरला बहुतेक देशांत केवळ खोबणीजोगा जोड पुरतो. मिक्सर, इस्त्री, केस वाळविण्याचे यंत्र यांवर सामान्यतः एकच दाब नोंदलेला असतो; त्यांना पुरेशा क्षमतेचे रोहित्र लागते. रोहित्राची क्षमता उपकरणाच्या शक्तीहून जास्त असावी.

खोबणी : भारतातील तीन गोल पिनांची रचना जुन्या ब्रिटिश मानकावरून आलेली आहे. ब्रिटनने पुढे चपट्या तीन पिनांची व आत वितळतार असलेली रचना स्वीकारली. ती सिंगापूर व दुबई येथेही आढळते. जोड फक्त पिनांचा आकार जुळवितो, दाब बदलत नाही. तीन पिनांचे उपकरण दोन पिनांच्या जोडाने लावल्यास भूसंपर्क तुटतो. अशा वेळी आतील तार धातूच्या आवरणास टेकली, तर स्पर्श करणाऱ्यास प्राणघातक धक्का बसू शकतो. म्हणून धातूचे आवरण असलेल्या उपकरणास भूसंपर्कयुक्त जोडच वापरावा.