नाट्यशिक्षकांचे प्रशिक्षण

शाळेत नाट्य हा विषय शिकवण्यासाठी, किंवा इतर विषय नाट्याच्या साहाय्याने शिकवण्यासाठी, शिक्षकांना दिल्या जाणाऱ्या व्यावसायिक शिक्षणास नाट्यशिक्षकांचे प्रशिक्षण असे म्हणतात. यात प्रामुख्याने अकरा ते सोळा वर्षे वयाच्या, म्हणजे भारतातील इयत्ता सहावी ते दहावीच्या, विद्यार्थ्यांचे शिक्षक अभिप्रेत असतात. नट किंवा दिग्दर्शक घडवणाऱ्या नाट्यशिक्षणाहून हे प्रशिक्षण वेगळे आहे. त्याचा मुख्य प्रश्न प्रयोग कसा बसवावा हा नसून, चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गाला एका काल्पनिक प्रसंगात नेऊन विचार करायला कसे लावावे, हा आहे.

इंग्लंडमधील वाटचाल

शालेय नाट्याचा शिक्षणशास्त्रीय विचार इंग्लंडमध्ये सर्वाधिक सलगपणे झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी ससेक्समधील सॉम्पटिंग या खेड्यातील मुख्याध्यापिका हॅरिएट फिनले-जॉन्सन मुलांकडूनच इतिहासाचे प्रसंग रचून घेत आणि करवून घेत. केंब्रिजच्या पर्स शाळेतील हेन्री कॉल्डवेल कुक यांनी १९१७ साली ‘द प्ले वे’ हे पुस्तक लिहिले. दोघांचेही काम व्यक्तिगत प्रतिभेवर उभे होते. ते दुसऱ्या शिक्षकाला कसे शिकवावे, हा प्रश्न पुढे आला.

पीटर स्लेड यांनी ‘चाइल्ड ड्रामा’ (१९५४) या ग्रंथात मुलांच्या खेळातील नाट्याला स्वतंत्र कलारूप मानले आणि लहान मुलांना रंगमंचावर उभे करण्यास विरोध केला. ब्रायन वे यांच्या ‘डेव्हलपमेंट थ्रू ड्रामा’ (१९६७) या पुस्तकाने एकाग्रता, कल्पनाशक्ती, हालचाल यांचे तयार सराव दिले. शिक्षकांना ते सोयीचे वाटले. मात्र सराव संपला तरी मुले नेमके कशाविषयी नाट्य करत होती, याचे उत्तर त्यातून मिळत नसे.

ही उणीव डोरोथी हीथकोट (१९२६–२०११) यांनी भरून काढली. चौदाव्या वर्षी शाळा सोडून त्या यॉर्कशायरमधील कापड गिरणीत मागावर काम करू लागल्या. नाट्यविद्यालयात प्रवेश मिळाला तेव्हा गिरणीमालकाने शुल्क भरले आणि तेथे जमले नाही तर तुझे माग तुझी वाट पाहत असतील, असे आश्वासन दिले. बीबीसीने १९७१ साली त्यांच्यावर काढलेल्या ‘थ्री लूम्स वेटिंग’ या माहितीपटाचे नाव त्यावरूनच पडले. शिक्षकी पात्रता नसतानाही १९५० साली त्यांची न्यूकॅसल येथे शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी नेमणूक झाली आणि १९८६ पर्यंत त्या तेथे होत्या. त्या केवळ व्याख्याने देत नसत. प्रत्यक्ष मुलांचा वर्ग घेत, प्रशिक्षणार्थी भोवती बसून तो पाहत, आणि नंतर त्या वर्गातील प्रत्येक निर्णयाची चिकित्सा होई. डरहॅम येथील गॅव्हिन बोल्टन यांनी या पद्धतीला तात्त्विक मांडणी दिली.

या परंपरेवर कठोर टीकाही झाली. डेव्हिड हॉर्नब्रूक यांनी १९८९ मध्ये असा आक्षेप घेतला की, या पद्धतीत नाट्य हे केवळ साधन उरते आणि नाटक ही कला, तिच्या संहिता व परंपरा, मुलांच्या हाती येतच नाहीत. आक्षेपात तथ्य होते. त्यानंतरच्या प्रशिक्षणात प्रक्रियानाट्यासोबत संहितेचे वाचन, नाट्यशैली आणि प्रयोगाची समीक्षा यांनाही जागा मिळाली. दरम्यान १९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात नाट्याला स्वतंत्र विषयाचे स्थान मिळाले नाही. ते इंग्रजीच्या पोटात राहिले. याउलट न्यूझीलंडने २००० साली कला अभ्यासक्रमात नृत्य, संगीत आणि दृश्यकला यांच्या बरोबरीने नाट्याचा समावेश केला. इंग्लंडमध्ये माध्यमिक नाट्यशिक्षक होण्याचा प्रचलित मार्ग म्हणजे पदवीनंतरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, आणि त्यातील किमान १२० दिवस शाळेत काढावे लागतात.

भूमिकेतील शिक्षक

प्रशिक्षणात सर्वाधिक वेळ ज्या कौशल्याला लागतो ते म्हणजे शिक्षकाने स्वतः भूमिका घेऊन वर्गाच्या प्रसंगात उतरणे. समजा, इयत्ता आठवीचा वर्ग धरणाखाली जाणाऱ्या गावातील गावकरी झाला आहे आणि शिक्षकाला त्यांच्यासमोर यायचे आहे. नवखा छात्राध्यापक बहुधा जिल्हाधिकारी होतो, कारण वर्गावरील अधिकार सुटणार नाही असे त्याला वाटते. परिणाम उलटा होतो. जिल्हाधिकारी निर्णय सांगतो, गावकरी ऐकतात आणि नेहमीचीच तासिका वेगळ्या वेषात चालू राहते. तोच छात्राध्यापक नोटीस घेऊन आलेला कारकून झाला, तर त्याच्या हाती निर्णय नसतो. ‘वरून हुकूम आहे, मी काय करणार’ असे तो म्हणतो आणि मुलांना वाद घालावा लागतो, कागद वाचून दाखवण्याची मागणी करावी लागते, अर्ज लिहावा लागतो. अशी मधल्या अधिकाराची भूमिका हीथकोट यांना विशेष उपयुक्त वाटे.

भूमिकेत जाणे आणि बाहेर येणे वर्गाला स्पष्ट दिसावे लागते. त्यासाठी आधी करार केला जातो: खांद्यावर उपरणे असेल तोवर मी कारकून, ते काढले की तुमचा शिक्षक. खरे अध्यापन पुष्कळदा उपरणे काढल्यानंतर होते. मुले रागावली का, कोणाचे म्हणणे ऐकले गेले नाही, भूमिहीन मजुराला भरपाई कशाची मिळणार, हे प्रश्न तेव्हा पुढे येतात. पाठ टाचणात अशा प्रश्नांसाठी मोकळी जागा ठेवणे आणि मुलांनी अपेक्षेपेक्षा वेगळा निर्णय घेतला तरी तो परत न वळवणे, हे शिकवायला कठीण आहे.

याखेरीज प्रसंग एका क्षणी गोठवून स्थिरदृश्य करणे, पात्राला मध्यभागी बसवून वर्गाने प्रश्न विचारणे, पात्राच्या मनातील विचार मोठ्याने बोलणे, तसेच ऑगस्तो बोआल यांच्या मंच नाट्यातून आलेली प्रेक्षकाने प्रसंग थांबवून तो बदलण्याची रीत, ही तंत्रे शिकवली जातात. ती शिबिरातही लवकर आत्मसात होतात.

भूमिकावाटप

किशोरवयीन मुले एकमेकांच्या नजरेची धास्ती बाळगतात. आवाज फुटण्याच्या वयातील मुलगा सर्वांसमोर वाक्य म्हणायला नकार देतो, तेव्हा तो आडमुठेपणा नसतो. म्हणून आरंभी संपूर्ण वर्गाने एकाच वेळी, प्रेक्षकांविना काम करावे असे सांगितले जाते.

याहून गंभीर प्रश्न वाटपाचा आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात स्पष्ट उच्चारांची चार-पाच मुले दरवर्षी पुढे असतात, बाकीची झाडे किंवा सैनिक होतात. राजकन्या गोरी असावी, नोकराची भूमिका अमक्याला शोभते, असे निर्णय शिक्षकाच्या नकळत जात, रंग आणि बोली यांच्या आधारे होतात आणि मुलांच्या ते चांगले लक्षात राहतात. चांगल्या प्रशिक्षणात छात्राध्यापकाला आपल्या तासिकेची नोंद ठेवायला लावतात: कोण किती बोलले, कोणाला अधिकाराची भूमिका मिळाली, कोणी घरच्या बोलीत संवाद म्हटल्यावर वर्ग हसला आणि शिक्षकाने काय केले.

भारत आणि महाराष्ट्र

राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने १९८९ मध्ये ‘संस्कार रंग टोली’ हा शिक्षणातील नाट्यासाठीचा स्वतंत्र विभाग सुरू केला. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या निमित्ताने कला, संगीत, नृत्य व नाट्य यांवर आधारपत्र तयार झाले. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या आराखड्यानुसार दोन वर्षांच्या बी.एड. अभ्यासक्रमात ‘शिक्षणातील नाट्य व कला’ हा घटक सर्व छात्राध्यापकांसाठी आला. तरतूद महत्त्वाची होती. पण एकाच घटकात नाट्य, चित्र, संगीत आणि हस्तकला सामावल्याने नाट्याच्या वाट्याला थोडाच वेळ येतो. छात्रसेवाकालातील सराव पाठ भाषा, गणित, विज्ञान अशा शालेय विषयांचेच असल्याने शिकलेले तंत्र वर्गात तपासून पाहण्याची संधीही क्वचित मिळते.

पदाचा प्रश्न त्याहून मूलभूत आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत, सहावी ते आठवीची पटसंख्या शंभरहून अधिक असलेल्या शाळांसाठी कलाशिक्षणाच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. कोणती कला, हे त्यात सांगितलेले नाही. महाराष्ट्रात चित्रकला शिक्षकासाठी ए.टी.डी. ही परिचित पदविका आहे, नाट्यासाठी तशी रूढ पात्रता नाही. त्यामुळे नाट्यशास्त्राची पदवी घेतलेले तरुण शाळेत येतात ते बहुधा संमेलनापुरते, मानधनावर.

महाराष्ट्रात ही उणीव मुख्यतः शाळेबाहेरून भरली गेली. सुधा करमरकर यांची लिटल थिएटर (१९५९) आणि रत्नाकर मतकरी यांची बालनाट्य या संस्थांनी मुलांसाठी दर्जेदार नाटके केली, आणि मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने पुण्यात रुजलेल्या ग्रिप्स चळवळीने मुलांचे खरे प्रश्न रंगमंचावर आणले. या चळवळींचा भर प्रयोगावर होता. उन्हाळी नाट्यशिबिरे आणि बालनाट्य स्पर्धा यांमधून अनेक शिक्षक अनुभवाने तयार झाले, तरी स्पर्धेची तालीम करून घेताना आलेली सवय, म्हणजे वाक्य शिक्षकाने म्हणून दाखवायचे आणि मुलाने तसेच म्हणायचे, वर्गातही टिकून राहते. शेजारच्या कर्नाटकात नाट्यशिक्षण घेतलेल्यांना सरकारी माध्यमिक शाळांत नाट्यशिक्षक म्हणून नेमले गेले आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर कलाशिक्षणाला पुन्हा महत्त्व आले. एनसीईआरटीच्या इयत्ता सहावीच्या ‘कृति’ या पाठ्यपुस्तकात (२०२४) दृश्यकला, संगीत व नृत्य यांच्यासोबत नाट्याचा विभाग आहे. ज्या शाळेत कलेसाठी वेगळा शिक्षक नाही, तेथे तो विभाग भाषेच्या किंवा वर्गशिक्षकाच्या तासिकेतच शिकवावा लागतो.