पथकराची वही आणि प्रवाशाचें खासगीपण

पूर्वीं नाक्यावर गाडी उभी राही, कारकून हात पुढें करी, गाडीवाला पैसे मोजून देई आणि पावती खिशांत टाकून मार्गस्थ होई. अमुक रक्कम जमा झाली, एवढीच नोंद मागें उरे. ती कोणीं दिली हें नाण्यावर लिहिलेलें नसे. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवर ‘फास्टॅग’ची पट्टी सक्तीची झाली आणि हा व्यवहार पालटला.

ही पट्टी काम कशी करते तें पाहूं. गाडीच्या काचेवर ती चिकटविलेली असते. तिच्यांत बॅटरी नसते. नाक्यावरील यंत्रांतून रेडिओच्या लहरी निघतात, त्यांच्याच शक्तीवर ती क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक कळविते. तो क्रमांक नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या द्वारें, ज्या बँकेनें पट्टी दिली तिच्याकडे जातो आणि आपल्या खात्यांतून पथकर वजा होतो. पैशांबरोबर आणखी एक गोष्ट तेथें जमा होते : कोणती गाडी, कोणत्या नाक्यावरून, कोणत्या दिवशीं, किती वाजतां गेली. आगगाडीच्या आणि बसच्या भाड्यासाठीं जीं कार्डें निघालीं आहेत, त्यांच्याही वहींत अशीच नोंद होते.

ही सोय खोटी नव्हे. रांगा आखूड होतात. आणि एकाच फेरीचे पैसे दोनदां कापले गेले, तर तक्रारीस याच नोंदीचा आधार लागतो. तेव्हां नोंद होऊं नये, असें माझें म्हणणें नाहीं. ती कोणी पाहावी आणि किती काळ ठेवावी, हा खरा प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, “मी सरळमार्गी मनुष्य, माझी नोंद कोणी पाहिली म्हणून काय बिघडलें?” एक नोंद क्षुल्लक असते, हें खरें. पण वर्षभराच्या नोंदी ओळीनें मांडल्या, कीं माणसाचें घर कोठें, कचेरी कोठें, कोणत्या रुग्णालयांत तो दर आठवड्यास जातो, हें सारें बोलूं लागतें. नवऱ्याचा छळ चुकवून दूर राहिलेल्या स्त्रीचा ठावठिकाणा अशा वहींतून बाहेर पडला, तर तिच्या जिवावर बेतेल. तिनें कोणता अपराध केला आहे?

“नांवें खोडून टाकलीं, म्हणजे झालें,” असा एक उपाय सुचविला जातो. तो किती अपुरा आहे, हें ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहरीं दिसून आलें. तेथें आगगाडी, ट्राम आणि बस यांस ‘मायकी’ नांवाचें एकच कार्ड चालतें. २०१८ सालीं सुमारें दीड कोटी कार्डांच्या तीन वर्षांतील प्रवासनोंदी अभ्यासकांच्या एका स्पर्धेसाठीं खुल्या करण्यांत आल्या. नांवें त्यांत नव्हतीं. कार्डांचे क्रमांकही बदललेले होते. तरी मेलबर्न विद्यापीठांतील संशोधकांनीं आपल्या स्वतःच्या फेऱ्या ओळखल्या. मग ज्याच्याबरोबर एकदोनदां प्रवास केला होता, त्या सहकाऱ्याचें कार्ड सांपडलें, आणि त्याबरोबर त्याचा तीन वर्षांचा सारा प्रवास उघडा झाला. एका लोकप्रतिनिधीनें आपण गाडींत चढल्याचें जाहीरपणें लिहिलें होतें. तेवढ्यावरून त्याचाही माग लागला. व्हिक्टोरिया राज्याच्या माहिती-आयुक्तांनीं २०१९ सालीं हा कायद्याचा भंग ठरविला. तात्पर्य असें कीं, माणसाच्या पावलांचा क्रम हेंच त्याचें दुसरें नांव असतें.

मग खरा उपाय कोणता? जी नोंद लागणार नाहीं ती ठेवूंच नये. लंडन शहरीं ‘ऑयस्टर’ कार्डावरील प्रवास त्या कार्डाशीं आठ आठवडेच जोडलेला ठेवतात. पुढें तो दुवा तोडला जातो. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यानें २०१० सालीं कायदा करून पथकराच्या नोंदींतून प्रवाशाची ओळख विकण्यास बंदी केली, त्या नष्ट करण्यास मुदत घातली आणि पोलिसांनाही त्या एरव्हीं झडतीच्या हुकुमावांचून मिळूं नयेत, असें ठरविलें.

आपल्या देशांत २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें खासगीपण हा मूलभूत हक्क मानला. २०२३ सालच्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यांत, काम संपल्यावर माहिती पुसावी, हें तत्त्व आलें आहे. परंतु दुसऱ्या कायद्यानें ठेवावयास सांगितलेली माहिती त्यांतून वगळली आहे, आणि सरकारला आपल्या संस्थांस सूट देण्याची मुभाही त्यांतच आहे. म्हणून नाक्याच्या वहीची मुदत किती, ती कोणाच्या हुकुमानें उघडेल, हें स्पष्ट शब्दांत लिहून मागणें, हें आपलें काम आहे.

तोंवर स्वतःपुरतें थोडें करतां येईल. गाडी विकतांना आपली पट्टी बंद करावी. नाहींतर नव्या धन्याच्या फेऱ्या आपल्या खात्यावर आणि त्यांची वार्ता आपल्या घरीं येत राहील. जेथें रोखीचें सुटें तिकीट मिळतें, तेथें नांवाच्या कार्डाचा आग्रह नको. आणि प्रवासांतील ठावठिकाणा जगजाहीर करण्यापूर्वीं मेलबर्नची गोष्ट आठवावी.

पथकर हें रस्त्याचें मोल आहे. तें आपण आनंदानें द्यावें. परंतु आपण कोठें गेलों याचा हिशेब त्या मोलांत धरलेला नाहीं.