जुन्या मोटारीचे अंतरंग

जुनी मोटार बाहेरून चकचकीत करणे फारसे अवघड नाही. हाताशी पैसा असला आणि रंगारी कसबी मिळाला, की महिन्या-दोन महिन्यांत ती नव्या नवरीसारखी दिसू लागते. खरी हकीकत कळते ती दार उघडून आत डोकावल्यावर. आसनाचे कातडे तडकलेले असते, गालिच्याच्या कडा उसवलेल्या असतात, आणि कित्येक पावसाळ्यांचा कोंदट वास नाकाशी येतो. माणूस मोटारीच्या ज्या भागाला प्रत्यक्ष अंग लावून बसतो तो भाग हाच. आणि दुरुस्तीला आरंभ होताच सर्वांत आधी उचकटून फेकला जातो तोही हाच!

जानेवारी २०२३ मध्ये आपल्या बडोद्यात, लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात, जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. अशा प्रदर्शनांत सर्वसाधारण प्रेक्षक रंग आणि पितळ-निकेलची लकाकी पाहतो, तर जाणता माणूस वाकून आसनाची शिवण पाहतो. संस्थानिकांच्या प्रचंड गाड्यांचे काम अर्थातच घरगुती नव्हे. परंतु एखादी लहानशी जुनी स्पोर्ट्स मोटार घरी असेल, तर तिच्या अंतरंगाचे बरेचसे काम यजमानाला स्वतःच्या हाताने करता येते. मात्र ते कोणत्या क्रमाने करावे आणि कोठे हात आखडावा, याचा विवेक हवा.

उदाहरणादाखल एम.जी. टी.सी. ही इंग्रज मोटार घेऊ. इंग्लंडातील ॲबिंग्डन येथे १९४५ ते १९४९ या काळात अशा सुमारे १०,००० गाड्या तयार झाल्या. इंजिन अवघे १२५० सी.सी.चे, चाके तारांची व उंच, बसणारी माणसे दोन. ही गाडी म्हणजे निम्मे सुतारकामच आहे. बाहेरचा पत्रा ॲश लाकडाच्या सांगाड्यावर ठोकलेला, पायाखालची जमीन प्लायवुडच्या फळ्यांची, त्यावर गालिचा. डोक्यावर कापडी टप, आणि बाजूला काचांच्या जागी काढघालीचे पडदे. तेव्हा पाऊस आत येणार हे ठरलेलेच. आलेले पाणी गालिचा पितो, गालिच्याखालचे बुरणूस ते धरून ठेवते, आणि त्या ओलीने खालचे लाकूड हळूहळू कुजते. वरून मात्र काही दिसत नाही.

म्हणून पहिले काम नवे आणण्याचे नसून जुने उचलून पाहण्याचे आहे. बॅटरीची तार सोडावी, आसने बाहेर काढावी आणि गालिच्याचा एकेक तुकडा न फाडता उचलावा. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर खडूने जागा लिहावी, छायाचित्र घ्यावे, स्क्रू आणि चुका निरनिराळ्या डब्यांत ठेवाव्या. मग आरीचे टोक लाकडात टोचून पाहावे. निरोगी लाकूड टोक आत घेत नाही. कुजलेले लाकूड लोण्यासारखे वाट देते. पायाखालची फळी गेली असेल तर ती बदलणे सोपे: जुनी फळी नव्या जलरोधक प्लायवर ठेवून आखावी, कापावी, कडांना दोनदा रंग पाजावा. पण सांगाड्याचाच खालचा दांडा कुजलेला आढळला, तर तेथे आपला हात थांबवून अनुभवी सुताराला बोलवावे. त्या दांड्याच्या आधारावर दारे लटकतात. त्यावर नुसता नवा गालिचा अंथरणे म्हणजे ओल आलेल्या भिंतीवर चुना फासणे होय.

पाणी कोठून येते हे शोधून ती वाट बंद केली, की मग गालिच्याकडे वळावे. जुना गालिचा कितीही जीर्ण असला तरी नवा बसेपर्यंत तो टाकू नये, कारण त्याच्याइतका बिनचूक नमुना दुसरा नाही. तो खाकी कागदावर पसरून आकार उतरवावा. गिअरच्या दांड्याची, पेडलांची, आसनाच्या पट्ट्यांची भोके त्यावरूनच घ्यावी. जुना तुकडा आक्रसला असल्याचा संभव असतो, म्हणून कागद प्रत्यक्ष जागेवर बसवून पाहिल्याखेरीज कात्री लावू नये. सर्व तुकड्यांची लव एकाच दिशेने जाईल अशी मांडणी करावी. नाहीतर एकाच कापडाचे तुकडे उन्हात दोन रंगांचे दिसतात. कडेला रेक्झिनची किंवा कातड्याची पट्टी शिवून घ्यावी. हे काम घरच्या शिलाई यंत्रावर नीट होत नाही. आसनांची कव्हरे शिवणाऱ्या कारागिराच्या भक्कम यंत्रावर ते तासाभरात होते.

गिअरपेटीच्या आवरणावरचा आणि बाजूंचा गालिचा चिकटवावा लागतो. चिकटद्रव्य दोन्ही पृष्ठांना पातळ लावावे, बोटाला चिकटेनासे झाले म्हणजेच जोडावे, आणि हे सारे मोकळ्या हवेत, विस्तवापासून दूर करावे. पायाखालचा गालिचा मात्र कधीही चिकटवू नये. तो चाप-बटणांनी बसवावा, म्हणजे पावसाळ्यात उचलून वाळवता येतो. त्याची घडी होऊन किंवा तो सरकून पेडलाखाली अडकणार नाही, हे प्रत्येक पेडल पूर्ण दाबून पाहावे. येथे हयगय झाली तर शोभेची वस्तू जिवावर बेतेल.

दारांच्या आतील फळ्यांना जे आवरण असते त्याला आपण सरसकट रेक्झिन म्हणतो. मुळात हे मँचेस्टरजवळच्या हाइड येथील एका कारखान्याच्या मालाचे नाव. सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा थर देऊन, त्यावर कातड्याचे कण उठवलेले ते कापड. आज बाजारात त्याच नावाने मिळते ते बहुधा व्हिनाइल असते. त्याची चकाकी अधिक, ताण निराळा. तेव्हा नवे घेताना मंद चमकीचे व बारीक कणांचे निवडावे, आणि मूळ आवरणाचा एक तुकडा फळीच्या मागच्या बाजूस जपून ठेवावा. पुढे कोणाला खरा रंग पाहावयाचा असेल तर तेवढा पुरावा पुरतो.

सर्वांत नाजूक प्रकरण आसनाच्या कातड्याचे. टी.सी.मध्ये पाठ दोघांना मिळून एक आणि बैठका दोन. अंग लागते तेथे खरे कातडे आणि इतरत्र नकली, असा काटकसरी बेत. कातडे मळले म्हणजे आपल्याकडे खोबरेल चोळण्याची रीत आहे. ती येथे सोडावी. तेल शिवणीत मुरते, धूळ धरते, आणि दोऱ्याला दुबळा करते. सौम्य साबणाच्या फेसात फडके जवळजवळ कोरडे पिळून हलक्या हाताने पुसावे, सावलीत वाळू द्यावे. चीर पडली असल्यास मागून पातळ कातड्याचे अस्तर लवचीक चिकटद्रव्याने लावावे. शिवण उसवली असेल तर दाभणाने जुन्याच छिद्रांतून दोरा ओवावा. नवी छिद्रे पाडली तर कातडे टपालाच्या तिकिटाच्या कडेसारखे त्या रेषेवर फाटते. कडेची मगजी शाबूत असेल तर तीच पुन्हा वापरावी. मात्र कातडे बोटाला तांबूस भुकटी देऊ लागले असेल, तर त्यावर उपाय नाही. तेवढाच भाग बदलावा, सबंध आसन नव्हे.

‘मग सारेच नवे करून टाकले तर बिघडले कोठे?’ असा प्रश्न साहजिकच येतो. त्याचे उत्तर आपल्या जुन्या घराण्यांतील बायकांना अधिक चांगले ठाऊक आहे. आजीची पैठणी विरली म्हणून कोणी तिचे काठ-पदर फेकून देत नाही. ते सोडवून दुसऱ्या वस्त्राला लावतात. नवी पैठणी केव्हाही विणून मिळते, पण आजीच्या अंगावरची मिळत नाही. मोटारीचेही तसेच. इंजिनचे भाग बदलत जातात, रंग तीनदा बदलतो. चालवणाऱ्याच्या कोपराने झिजलेला दाराचा काठ आणि बसून बसून मऊ झालेले कातडे मात्र एकदाच घडते, आणि एका दुपारी सुरीने सोलून टाकता येते. ॲबिंग्डनचा तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला. तेथील शिवणकाऱ्यांचे टाके आता केवळ अशा आसनांवरच उरले आहेत.

घरातला कोनाडा असो की मोटारीचे आसन, दुरुस्ती अशी असावी की पुढच्या पिढीला ती उलगडून पाहता यावी. जे कुजले ते निर्दयपणे काढावे, जे टिकते ते ममतेने राखावे. आणि गाडी दुरुस्त झाल्यावर मुलांनी विचारले, की हे कातडे इतके जुने का ठेवले, तर त्यांना आसनावर बसवावे आणि त्या खळग्यात पूर्वी कोण बसत असे ते सांगावे.