समष्टी आणि जमाव

‘समष्टी’ हा शब्द आपल्याकडे आदराने उच्चारला जातो. समूहाच्या हितात व्यक्तीने आपले हित पाहावे, हा त्याचा सरळ अर्थ. परंतु माणसे एकत्र आली म्हणजे समष्टी निर्माण होतेच असे नाही. भैंसा आणि भोवतालच्या गावांनी या शब्दाच्या निरनिराळ्या छटा अनुभवल्या आहेत. त्यांच्याच आधारे आपण हा विचार करू.

मुधोळ तालुक्यातील हा भाग १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात होता. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचनेत तो आदिलाबादेस जोडला गेला आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे. भाषावार राज्ये झाली, तरी येथील मराठी घरे तेलुगू राज्यात राहिली. कचेरीची भाषा बदलली, पण घरातील आणि देवळातील मराठी टिकली. त्यात अखंड हरिनाम सप्ताहासारख्या प्रथांचा वाटा मोठा आहे, असे आम्हांस वाटते.

सप्ताहात सात दिवस आणि सात रात्री वीणा खाली ठेवायची नसते. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पहाटेचा पहारा ज्याच्याकडे असेल, तो न आल्यास आधीचा पहारेकरी अडकून पडतो. कोणी शिधा देतो, कोणी पंगत वाढतो आणि शेवटी काल्याचा प्रसाद सर्वांच्या मुखी पडतो. येथे कोणावर सक्ती नसते, पण पत्करलेले काम कोणासही टाळता येत नाही. संमती आणि जबाबदारी हे समष्टीचे दोन आधार या प्रथेत स्पष्ट दिसतात.

पहिला आधार सुटला म्हणजे काय होते, हे सीमेपलीकडील महाराष्ट्राच्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेने दाखविले. शेतकऱ्यास व्यापाऱ्याच्या लुटीपासून वाचवावे, या चांगल्या हेतूने ती १९७२ मध्ये सुरू झाली. मात्र कापूस शासकीय यंत्रणेसच विकण्याची सक्ती होती. बाहेर भाव चढला की कापूस चोरून परराज्यात जाई, आणि उतरला की बाहेरचा कापूस आत येई. तीन दशकांनंतर, २००२ च्या सुमारास, खासगी व्यापाऱ्यांस खरेदीची मुभा द्यावी लागली. हेतू समष्टीचा होता, परंतु शेतकऱ्याचे मन त्यात पुरते गुंतले नव्हते.

दुसरा आधार सुटल्याची किंमत याहून भयंकर आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये भैंसा येथे धार्मिक मिरवणुकीच्या वेळी दंगल उसळली. त्याच दिवसांत जवळच्या एका खेड्यात एकाच कुटुंबातील सहा जणांस जाळण्यात आले. जानेवारी २०२० मध्ये गावात पुन्हा घरे जळाली. जमावात प्रत्येकास वाटते की हे कृत्य आपले नव्हे, सर्वांचे आहे. ज्याच्यावर हात उचलायचा, तोही मग शेजारी राहत नाही. केवळ ‘त्यांच्यातला एक’ ठरतो. दोन्ही बाजूंची नावे पुसली गेली की माणुसकीस थारा उरत नाही.

राजकारण असो वा संस्कृती, ‘आपण सारे एक’ ही हाक आपणांस पुन्हा पुन्हा ऐकू येणार आहे. तिला ओ देण्यापूर्वी प्रत्येकाने दोन गोष्टी पाहाव्यात. येथे मला नकार देता येतो काय? आणि जे घडेल, त्याचा जाब माझ्या नावाने देण्यास मी तयार आहे काय? घरातील मुलांसही हे दोन प्रश्न विचारावयास शिकविले पाहिजे.